यादीतली शेवटून दुसरी ओळ

मेतकूट पाव किलो. थालीपिठाची भाजणी एक किलो. कुळथाचं पीठ. आमसुलं. गोडा मसाला. पंचांग. अभिषेकाचा तांब्या, छोटा. ती गोळी, ६ पाकिटं. हिंग.

लेकीने स्टुटगार्टहून फोनवर सांगितलेली ही यादी आमच्या हिने गॅसच्या बिलामागे उतरवून माझ्या हातात दिली. मी टपाल खात्यात ३६ वर्षं काढली आहेत. अपुरा पत्ता दिसला की माझा हात आपोआप थांबतो. तो शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबला.

"ती म्हणजे कोणती?"

"अहो, ती."

ज्या गोष्टीचं नाव घ्यायचं नसतं तिला आपल्याकडे सर्वनाम देतात. नवऱ्याला 'हे', बायकोला 'ही', आणि या गोळीला 'ती'. या तीन सर्वनामांवर आमचा ३४ वर्षांचा संसार विनातक्रार झाला. पण दुकानदार सर्वनामावर औषध देत नाही. शेवटी ही उठली, चष्मा लावला, 'ती' खोडून वर मुंगीच्या अक्षरात 'सहेली' लिहिलं आणि लगेच मिक्सर सुरू केला. चटणी वाटायची नव्हती. भांडं रिकामंच होतं.

भाईंदर पूर्वेचा केबिन रोड तुम्हाला ठाऊक नसेल तर एवढंच सांगतो की केबिन कुठे आहे असं विचारणाऱ्याला आम्ही नवखा समजतो. संध्याकाळी साडेसातला गाड्यांमधून उतरलेली माणसं, त्यांना घ्यायला आलेल्या रिक्षा, भाजीवाले, फरसाणवाले आणि औषधांची दुकानं हे सगळं तिथे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभं असतं. औषधाच्या दुकानात रांग नसते, डबा असतो. पुढच्याच्या काखेतून हात घालून चिठ्ठी द्यायची आणि मागच्याने ढकललं की गल्ल्याशी पोचायचं. अशा ठिकाणी कुजबुजून काही मागता येत नाही.

मी चिठ्ठीवर वळणदार अक्षरात 'सहेली – ६' लिहून नेलं होतं, बोलावं लागू नये म्हणून. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली, आणि माळ्यावर शिडीवर चढलेल्या पोऱ्याला ओरडून सांगितलं, "अरे, अंकल को छह सहेली दे!"

डब्यातली बोलणी थांबली. माझ्या उजवीकडे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. गेली सात वर्षं मी त्यांच्याकडे पाण्याच्या टाकीचा हिशेब मागतो आहे. ते मान न वळवता म्हणाले, "काका, एकदम सहा?"

माझं वय ६२ आहे. आयुष्यात एकीलाही सहेली म्हणायचं धाडस मला झालेलं नाही.

या गोळीची नावं कोण ठेवतं, हा माझा जुना प्रश्न आहे. आधी माला आली, 'डी' आणि 'एन' अशा दोन तुकड्यांची. मग सहेली. सरकारी दवाखान्यात तीच सहेली पुढे छाया झाली, आणि तीन महिन्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं नाव पडलं अंतरा. माला, छाया, अंतरा, सहेली. कन्याशाळेची हजेरी चालली आहे असं वाटतं. पुरुषांच्या वस्तूला मात्र सरळ 'निरोध' म्हणून मोकळे झाले, जणू मंत्रालयाचं परिपत्रक. त्या निरोधचं नाव आधी 'कामराज' ठेवायचं घाटत होतं म्हणतात. पण तेव्हा त्याच नावाचे गृहस्थ काँग्रेसचे अध्यक्ष होते, आणि देश एका घटनात्मक पेचातून वाचला.

मराठीने यात स्वतःची एकच भर घातली, पण ती अस्सल. कॉपर-टीला आपल्या बायका 'तांबी' म्हणतात. 'तांबी बसवली', 'तांबी काढली', जशी काही पाणी तापवायच्या बंबाची दुरुस्ती. एरवी या विषयाला आपल्याकडे शब्द आहेत ते सगळे सुताराकडचे: पाळणा लांबवला, पाळणा थांबवला. कुठेही माणसाचा संबंध येत नाही.

मला हे बोलायचा अधिकार आहे असं नाही. आमच्या वेळच्या आंतरदेशीय पत्रांवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण छापून यायचा. त्या त्रिकोणाशेजारी मी किती शिक्के मारले याची गणती नाही. शासनाचा संदेश घरोघर पोचवला, पण स्वतःच्या तोंडून तो शब्द कधी काढला नाही. लेक झाल्यावर सहा महिन्यांनी हिने मला "मी दवाखान्यात जाऊन येते" एवढंच सांगितलं होतं. मी "छत्री घेऊन जा" म्हणालो. आमची त्या विषयावरची चर्चा तेवढीच.

तर दुकान. पोऱ्याने माळ्यावरून सहा पाकिटं खाली टाकली आणि काउंटरवरच्या मुलाने ती झटक्यात काळ्या पिशवीत सारली. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. भाजीवाल्याने कापडी धरली, फरसाणवाल्याने कागदी. पण औषधाच्या दुकानात ही एक काळी पिशवी टिकून आहे. ती फक्त दोन-तीन प्रकारच्या मालासाठी निघते, त्यामुळे आत काय आहे हे रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. लपवायला म्हणून शोधून काढलेली इतकी जाहीर वस्तू दुसरी नाही.

बिल करण्याआधी गल्ल्यावरच्या मालकाने विचारलं, "काका, बाहेरगावी न्यायचंय?"

"जर्मनीला."

"मग डॉक्टरची चिठ्ठी घ्या सोबत. गोळीचं दुकानातलं नाव नको, घटकाचं नाव लिहून घ्या. पाकीट फोडू नका, बिल ठेवा, हातातल्या बॅगेत ठेवा. आणि चिठ्ठी कोणाच्या नावावर आहे?"

"लेकीच्या."

"आणि नेणार?"

"मी."

मालक गुजराती, शांत स्वभावाचा. त्याने पिशवी हळूच मागे ओढून घेतली. "आधी तिकडचं विचारून या."

घरी येऊन लेकीला फोन लावला. तिने तिथला नियम वाचून दाखवला. टपालाने किंवा कुरियरने युरोपाबाहेरून जर्मनीत खासगी माणसाला औषध मागवता येत नाही. माझा टपालाचा मार्ग तिथेच खुंटला. प्रवासी स्वतःबरोबर औषध आणू शकतो, साधारण तीन महिन्यांना पुरेल एवढं, पण ते प्रवाशाच्या स्वतःच्या गरजेचं हवं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. फ्रँकफर्ट विमानतळ. निळ्या डोळ्यांचा, सहा फुटी कस्टम अधिकारी. त्याच्या हातात काळी पिशवी. तो विचारतो, हे कोणासाठी? नियमाप्रमाणे मी उत्तर द्यायचं, 'माझ्या स्वतःसाठी.' किंवा शेजारी उभ्या असलेल्या हिच्याकडे बोट दाखवायचं. ही नऊवारी नेसून, हातात नातवंडांसाठी जपून ठेवलेलं दुपटं घेऊन उभी. नातवंडं अजून नाहीत, दुपटं आहे. पहाटे तीन वाजता मी उठून पाणी प्यालो आणि ठरवलं, की सहेली भाईंदरलाच राहील.

आता लेकीला हीच गोळी का हवी, हे मला हळूहळू, तुकड्यातुकड्याने, बहुतेक दाराआडून कळलं. रोजच्या गोळ्यांनी तिचं डोकं दुखायचं आणि मळमळायचं. डॉक्टरांनी सहेली दिली, ती मानवली. सहेली हार्मोनची गोळी नव्हे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ती शोधली, १९९१ साली ती बाजारात आली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदाच घ्यायची. लेक रविवारी घ्यायची, पोह्यांनंतर. ती अस्सल भारतीय वस्तू आहे, त्यामुळे जर्मनीत मिळत नाही. गोडा मसाला तरी स्टुटगार्टच्या भारतीय दुकानात कधीतरी सापडतो.

जाताना तिने तीन महिन्यांच्या गोळ्या स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीसह नेल्या होत्या. त्या संपल्या. मधल्या काळात दोघांनी काय केलं, हे जावईबापूंना विचारण्याची माझी प्राज्ञा नाही.

मे महिन्यात आम्ही २३-२३ किलोच्या दोन बॅगा घेऊन पोचलो, एक ओळ आणि एक तांब्या वजा. तांब्या ही विसरली. फ्रँकफर्टला उतरल्यावर तिला आठवलं. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं भगिनीशहर आहे, हे जावईबापूंनी गाडीतच सांगितलं. शांतता पाहता ही बहीण लहानपणीच दत्तक गेली असावी.

तिसऱ्या दिवशी लेकीने तिची कहाणी सांगितली, भर स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, मराठीत. तिथे गोळीला चिठ्ठी लागते. चिठ्ठीला बायकांचे डॉक्टर लागतात, ज्यांना 'फ्राउएनआर्त्स्ट' म्हणतात. त्या डॉक्टरांची वेळ लागते, आणि वेळेला तिला सात आठवडे लागले. तपासणीचा खर्च विम्याने दिला; पण गोळीचा खर्च विमा फक्त २२ वर्षांपर्यंत देतो, आणि लेक आहे २९ची. डॉक्टरीणबाईंसमोर तिने सहेलीचं रिकामं पाकीट ठेवलं. बाईंनी घटकाचं नाव वाचलं, संगणकात पाहिलं, मग पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं, आपण जुनं नाणं पाहतो तसं. "फार छान," म्हणाल्या, "पण हे आमच्याकडे नाही." आणि नेहमीची रोजची गोळी लिहून दिली. डोकेदुखी परत आली.

"पण इथे लाज नाही गं आई," लेक म्हणाली. "त्या गोळीला काय म्हणतात माहितीये? अँटीबेबीपिले."

"काय म्हणतात?"

"अँटी. बेबी. पिले. बाळविरोधी गोळी. दुकानात सगळ्यांसमोर तसंच म्हणायचं."

हिने देवाकडे पाहून हात जोडले. मला मात्र त्या भाषेचं कौतुक वाटलं. सहेली नाही, छाया नाही, थेट विरोधी पक्ष. पुढे मी वाचलं की हा मोकळेपणाही त्यांना आभाळातून पडलेला नाही. १९६१च्या जूनमध्ये पश्चिम जर्मनीत पहिली गोळी विकायला आली तेव्हा ती मासिक पाळीच्या दुखण्यावरचं औषध म्हणूनच आली, आणि मूल न होणं हा तिचा जोडपरिणाम म्हणून कागदावर नोंदवला होता. म्हणजे काळी पिशवी त्यांच्याकडेही होती, फक्त छापील.

दुसऱ्या दिवशी मी दंतमंजन आणायला जवळच्या मोठ्या दुकानात गेलो. बिस्किटं, तांदूळ, साबण, आणि टूथपेस्टच्या लगतच्या फळीवर निरोधची जर्मन भावंडं, कुलूप नाही, पडदा नाही, रंगवार लावलेली. एक आजीबाई तिथे दाताचा ब्रश निवडत उभ्या. मी पैसे दिले आणि सवयीने पिशवीसाठी हात पुढे केला. तिथे पिशवीचेच वेगळे पैसे पडतात. काळी तर नाहीच.

एका रविवारी लेकीचं डोकं फारच दुखलं. रविवारी तिथे औषधाची दुकानं बंद. पाळीने एखादंच उघडं असतं. जावईबापूंबरोबर चार स्टेशनं लांब गेलो तर दार बंद आणि दारात एक छोटी खिडकी. खिडकीतून चिठ्ठी द्यायची, खिडकीतून गोळी घ्यायची, आणि खिडकी उघडल्याचे अडीच युरो वेगळे. केबिन रोडवर रविवारी रात्री साडेदहाला माळ्यावरचा पोऱ्या ओरडत असतो, त्याची मला परदेशात प्रथमच आठवण आली.

जपानची गोष्ट याहून न्यारी आहे. तिथे ही बायकांची गोळी १९९९ साली कुठे मान्य झाली, अमेरिकेने मान्य केल्यावर तब्बल ३९ वर्षांनी. त्याच वर्षी पुरुषांची ती सुप्रसिद्ध निळी गोळी मात्र सहाएक महिन्यांच्या विचारात मान्य होऊन गेली. यावर मी भाष्य करत नाही. मिक्सर सुरू करतो.

पण मला सगळ्यांत आवडली ती आयर्लंडमधल्या बायकांची रेल्वे. आम्ही भाईंदरकर, रेल्वेची गोष्ट लगेच काळजाला लागते. त्या देशात संततिनियमनाची साधनं विकायला बंदी होती, आणि शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये ती मिळायची. २२ मे १९७१ रोजी डब्लिनच्या चाळीसेक बायका गाडीत बसून बेलफास्टला गेल्या, साधनं घेऊन कॅमेऱ्यांसमोर, कस्टमच्या नाकावर टिच्चून परत यायचं म्हणून. बेलफास्टच्या दुकानात गोळ्या मागितल्या तर दुकानदार म्हणाला, चिठ्ठी दाखवा. चिठ्ठी कोणाकडेच नाही. मग त्यांनी ॲस्पिरिनची पाकिटं घेतली. कस्टमच्या पुरुषांना फरक कळणार नाही, हा त्यांचा हिशेब. तो अचूक ठरला. डब्लिनला उतरून त्यांनी गोळ्या उंचावून दाखवल्या, अधिकारी लाजून बाजूला झाले, आणि देशाच्या कायद्याला पहिली चीर गेली ती डोकेदुखीच्या गोळीने.

इतकं लांब तरी कशाला जा. आपल्या रघुनाथराव कर्व्यांनी, महर्षींच्या थोरल्या चिरंजीवांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनला मेरी स्टोप्सबाईंचं निघालं ते त्याच वर्षी. विल्सन कॉलेजातला गणिताचा प्राध्यापक, या नादापायी नोकरीला मुकला. पुढे १९२७च्या जुलैपासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. या माणसाने सगळं मराठीत लिहिलं, एकही सर्वनाम न वापरता. त्यांना जाऊन ७० वर्षं उलटली, आणि मी गॅसच्या बिलामागे 'ती गोळी' घेऊन हिंडतो.

सरकारनेही आपल्या परीने पुष्कळ केलं आहे. १९५२ साली देशपातळीवर कुटुंबनियोजन हाती घेणारा जगातला पहिला देश आपला. २०११ पासून आशाताईंकडून ही साधनं दारात मिळायला लागली, गोळ्यांचं पाकीट एक रुपयाला. म्हणजे स्टुटगार्टला सात आठवडे आणि अडीच युरोची खिडकी, इथे एक रुपया आणि उंबरठा. तिथे शब्द तोंडात तयार, वस्तू मिळेना. इथे वस्तू दारात, तोंड उघडेना. हे वाक्य माझं नाही, लेकीचं आहे. मी तेव्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो.

गणपतीला लेक तीन आठवड्यांची रजा काढून आली. येण्याआधी आठवडाभर मायलेकींचे फोन चालले होते, स्पीकरवर, कारण हिला मोदकाच्या सारणात हात असताना फोन धरता येत नाही. शेवटी ही म्हणाली, "मग तांबीच का बसवून घेत नाहीस? मला चांगली सोसली होती. नऊ वर्षं. तुझ्या बाबांना विचार."

बाबांना विचारण्यासारखं काही नव्हतं. बाबांनी छत्री दिली होती.

पण तो शब्द आमच्या घरात असा पंख्याखाली, दिवसाउजेडी, मिक्सरशिवाय प्रथमच उच्चारला गेला होता. छत कोसळलं नाही. वरच्या मजल्यावरच्या बेन डबा परत द्यायला आल्या होत्या, त्याही बसल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या सुनेनेही तीच बसवली आहे, सरकारी दवाखान्यात, पैसाही लागला नाही. मग हिने खरा प्रश्न काढला.

"पण ती तांब्याची असते ना गं? विमानतळावर त्या चौकटीतून जाताना वाजली तर?"

लेक पलीकडून हसत सुटली. डॉक्टरांनी नंतर शांतपणे सांगितलं की ती इतकी चिमुकली असते की वाजत नाही. हिचा विश्वास बसला नाही. बेननी सून दुबईला जाऊन आल्याचा दाखला दिला, तेव्हा थोडा बसला.

गौरीविसर्जनानंतर डॉक्टरांकडे जाऊन काम झालं. निघायच्या दिवशी हिने लेकीची ओटी भरली, नारळ, खण, तांदूळ, आणि डोळ्यांत पाणी आणून "पुढच्या वर्षी पाळणा हलू दे" असा आशीर्वादही दिला. लेकीने वाकून नमस्कार केला. दोघींपैकी एकीलाही यात काही विसंगत वाटलं नाही. मला वाटलं, पण मी गप्प राहिलो. टॅक्सी खाली उभी होती.

रात्री दीडला विमानतळाच्या आतून तिचा फोन आला. ही देवापुढे बसूनच होती.

"वाजली का?"

"नाही आई. पण बॅग उघडायला लावली."

मे महिन्यात विसरलेला अभिषेकाचा तांब्या हिने या वेळी हातातल्या बॅगेत घातला होता, आणि जागा वाया जाऊ नये म्हणून त्यात हिंगाची डबी, फडक्यात घट्ट गुंडाळून. यंत्रात नुसता एक काळा गोळा दिसला. तिथल्या बाईंनी फडकं सोडलं, डबी उघडली, वास घेतला आणि तिला लगेच जायला सांगितलं.

डॉक्टरांनी बसवलेली तांबी दहा वर्षं चालते. त्याच आठवड्यात लेकीचा नवा पासपोर्टही हातात पडला होता, त्याचीही मुदत दहा वर्षांचीच. हिने दोन्ही तारखा एकाखाली एक, पूर्ण नावांनिशी, भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवल्या आहेत.